लांबून लिहिलेली आई

शिरवळच्या स्टँडवर मी पोचले तेव्हा शकूताई आधीच येऊन बाकावर बसली होती. पायात बूट, अंगावर सुती साडी, पाठीवर शाळकरी मुलांसारखी पिशवी. शेजारच्या बाईशी तिच्या गप्पा सुरूही झाल्या होत्या. मला बघून ती उठली आणि म्हणाली, "हौसे, किती वाळलीस गं!" मी तिच्या दुप्पट जाड आहे. पण बऱ्याच वर्षांनी भेटलं की असंच म्हणायचं असतं, हे ती विसरली नव्हती.

शकूताई माझी मावसबहीण. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि मावशीनं आम्हां दोघींना एकाच घोंगड्याखाली वाढवलं. आमचं गाव कवठे महांकाळच्या पुढं. आम्ही मेंढरांची माणसं. चौथीनंतर मावशीनं ठरवलं, एकीनं मेंढरांमागं जायचं आणि एकीनं शाळेत. शकूताई हुशार, ती शाळेत गेली. पुढं सांगलीला कॉलेज, मग नोकरी, लग्न आणि नवऱ्याबरोबर नॉर्वे. तिकडं गेल्यावर ती लिहायला लागली. सहा कादंबऱ्या झाल्या. सगळ्या मराठीत आणि सगळ्या आमच्या माळावरच्या. मी सगळ्या वाचल्यात, सावकाश, ओळीवर बोट ठेवून.

या वेळी ती महिन्याभरासाठी आली होती. मोटार करून सरळ गावी जाता आलं असतं, पण तिला एस.टी.नं जायचं होतं. "तिकडं ऱ्हाऊन माझं कान कोरडं पडल्यात," ती म्हणाली. "लोकं काय बोलतात, कसं बोलतात, ते ऐकत जाऊ." हे एक काम. दुसरं काम तिनं फोनवरच सांगितलं होतं. "वहिनी तीन वर्सं माझ्याशी बोलत न्हाई. दादा म्हणतो कामात हाय. तू संगं चल."

वहिनी का बोलत नाही हे मला ठाऊक होतं. त्यातला निम्मा दोष माझा होता, तेही ठाऊक होतं.

मावशी गेली त्या वर्षी विमानं बंद होती. शेवटचे सात महिने मावशीला माणसांची ओळख राहिली नव्हती. दादा, म्हणजे शकूताईचा थोरला भाऊ, म्हणाला, "शकूला काय सांगू नका. तिला येता यायचं न्हाई. तिकडं बर्फात रडत बसंल." शकूताईचा दर रविवारी फोन यायचा. वहिनीला खोटं बोलता येत नाही, तिचा आवाज लगेच चिरकतो. मी तेव्हा गावातच राहत होते, चार घरं सोडून. मग फोन मी घ्यायला लागले. "मावशी झोपल्यात," मी म्हणायचे. पुढच्या रविवारी, "आत्ताच डोळा लागलाय." एकदा तिनं फारच धरलं, उठव म्हणाली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी रानात गेल्यात, खोलीला भायेरनं कडी हाय." कडी होती हे खरं होतं. का होती ते मी सांगितलं नाही. मावशी गेल्यावरही, गेली एवढंच कळवलं.

मग तीन वर्षांनी तिची सहावी कादंबरी आली. त्यात एक म्हातारी अंधाऱ्या खोलीत दिवसभर झोपून असते, सून बाहेरून कडी घालून कामाला जाते, आणि एका दुपारी म्हातारी एकटीच मरते. गावाला कादंबरी आल्याचा अभिमान. वाचनालयानं सत्कार ठेवला. शकूताई इथं नव्हती, म्हणून शाल आणि नारळ घ्यायला वहिनीला बोलावलं. वहिनी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. कौतुकाच्या भरात मास्तरांनी पुस्तकातली पानं मोठ्यानं वाचायला घेतली, आणि नेमकी तीच. मी मागच्या रांगेत होते. एकेक मान वहिनीकडं वळताना मला मागून दिसत होती. वहिनीनं शाल घेतली, नारळ घेतला आणि घरी आली. त्या आठवड्यापासून गावात तिचं नाव 'कडीवाली' पडलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलाच्या कंपनीमुळं मी शिरवळला राहायला आले. हे सगळं शकूताईला सांगायचं राहून गेलं, असं मी मनाशी म्हणत होते. राहून गेलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. आता शिरवळ ते गाव एवढ्या वाटेत कुठंतरी सांगायचं, असं ठरवून मी गाडीत चढले.

खंबाटकीचा घाट लागला आणि मला गाडी लागली. मी डोळे मिटून लिंबू हुंगत बसले. शकूताई पुढच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं ऐकून वहीत काहीतरी टिपत होती. त्यातल्या एकीनं वळून बघितलं आणि म्हणाली, "बाई, माजंबी नाव घ्या त्यात. मागल्या वक्ताला घरकुलाच्या यादीत आमचं नाव गाळलंया."

"मी सरकारातली न्हाई वं," शकूताई म्हणाली.

"मग कशातल्या?"

"मी गोष्टी लिहिते."

बाईनं तिला पायातल्या बुटापासून वर न्याहाळलं. "आसू दे. तरी घ्या लिवून." शकूताईनं नाव लिहून घेतलं. काय करणार!

साताऱ्याच्या स्टँडवर आम्ही पेढे घेतले आणि कराडच्या गाडीसाठी उभ्या राहिलो. गाडी आली. शकूताई सरळ जाऊन दारापाशी रांग लावून उभी राहिली. रांगेत ती एकटीच. बाकीच्यांनी खिडकीतून रुमाल, पिशव्या, एकीनं तर चप्पल टाकून जागा धरल्या. आम्ही आत शिरलो तेव्हा गाडी भरलेली. कराडपर्यंत दांडीला धरून उभ्या.

"खिडकीतनं रुमाल टाकायच्या पद्धतीवर मी दोन पानं लिहिलीत," शकूताई म्हणाली. "सगळ्यांनी वाखाणलीत. आणि आज मलाच आठवलं न्हाई बघ."

उभ्या उभ्याच मी तिला विचारलं, तिकडं दिवस कसा जातो. ती म्हणाली, थंडीत दुपारी तीनलाच अंधार पडतो. ती स्वयंपाकघरात बसून लिहिते, तिथं ऊब असते. "नवरा नागपूरकडचा, त्याचं बोलणं वेगळं. लेकीला मराठी समजतं, पण उत्तर तिकडच्या भाषेत देती. आपल्या माळावरचं बोलणारं कुणीच न्हाई. मग वहीत माणसं बोलावते. ती बोलतात माझ्याशी."

"हितं आसतीस तर?"

"तर एक पुस्तक झालं नसतं, हौसे. ह्याला काय वाटंल, तिला काय वाटंल, ह्यातच जन्म गेला असता. तिकडं बसलं की इथली माणसं गप असतात. मी म्हणीन तेच बोलतात."

मला वहिनी आठवली. सांगायची वेळ हीच होती. पण मधे एक टोपलीवाली येऊन उभी राहिली आणि मी तिला वाट दिली.

तिच्या बोलण्याची एक गंमत सांगायला पाहिजे. ती बूट घालते, पण 'उद्या सकाळी'ला 'इरवाळी' म्हणते. आमच्याकडं हा शब्द आता म्हाताऱ्यांच्या तोंडीच उरलाय. कराडला चहाच्या टपरीवर ती म्हणाली, "इरवाळी गावात पोचू." टपरीवाला हसला. "आवं आज्जी मेल्यापास्नं ह्यो शब्द ऐकला न्हवता. कुठल्या तुमी?" नॉर्वे म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. बाकीच्यांचं बोलणं बदलत गेलं, तिचं निघाली त्या दिवसाचं तसंच राहिलं होतं, वापरायला न काढलेल्या लुगड्यासारखं.

दुपारी आष्ट्याला उतरलो. इथं तिला एका वाचकाला भेटायचं होतं. त्यांनी मुलीकडून तिला पत्र लिहवून पाठवलं होतं. रफीकभाई, पेशानं टेलर. दुकान पुढं, घर मागं. आम्हांला बघून त्यांनी मशीनवरचा पाय काढला, कापडाचे तुकडे बाजूला सारून खुर्च्या मांडल्या. बायकोनं दुधातल्या शेवया आणल्या.

"बाई, मी फार शिकलो न्हाई," रफीकभाई म्हणाले, "पण दुपारची मशीन बंद करून वाचतो. तुमचं ते म्हातारीचं पुस्तक वाचलं. माझी अम्मी तवा भनीच्या घरी हुती, वरच्या गल्लीत. आमचं भांडान झालेलं, मी दोन वर्सं तिचं तोंड बघितलं न्हवतं. ते दाराला कडी घातल्यालं पान वाचलं आन मला दम निघंना. तसाच उठलो, पायात चप्पल न्हाई, गेलो आन अम्मीला उचलून घिऊन आलो."

"उचलून?" शकूताईनं विचारलं.

आतून आवाज आला, "उचलून कसला! रिक्षानं आनलं मला. फुशारक्या मारतोय." जाजमावर टेकून बसलेली एक बारकी म्हातारी पान कुटत होती. सगळे हसले. रफीकभाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. ते शकूताईला म्हणाले, "तुमी लांब ऱ्हाता, पन आमच्या घरात येऊन गेला बाई."

शकूताईचा चेहरा असा उजळला की मी शेवयांची वाटी तशीच हातात धरून बसले. एका खोट्यावर उभ्या राहिलेल्या पानानं या म्हातारीला घर मिळालं होतं. त्याच पानानं वहिनीचं गावात तोंड दाखवणं अवघड केलं होतं. या दोन गोष्टी एका तराजूत कशा घालायच्या, मला अजून कळलेलं नाही.

स्टँडवर परत आलो. सांगलीच्या गाडीला वेळ होता. शकूताई खुशीत होती. तिनं पिशवीतून एक जाड वही काढली. "हे बघ. आईचे रविवार. दर रविवारी फोन ठेवला की बोललेलं जसंच्या तसं उतरवून ठेवायची मी. सगळं पुस्तक ह्यातनं आलं."

मी वही मांडीवर घेतली. तारीख, वार, आणि खाली तिचं बारीक अक्षर. 'आई झोपलीय, हौसा म्हणाली.' पान उलटलं. 'झोपलीय. हौसा.' पुढचं पान. 'आत्ताच डोळा लागला. हौसा.' मी पानं उलटत गेले. मग ते पान आलं, कडीचं. त्याखाली तिनं दोनदा रेघ मारली होती.

मी बोलायला भिते. चारचौघींत कुणी नाव विचारलं तरी मी शेजारणीकडं बघते. पण आपलंच खोटं दुसऱ्याच्या अक्षरात, ओळीनं मांडलेलं बघितल्यावर गप्प बसता येईना.

"ताई, ती झोपलेली नसायची," मी म्हणाले. "ती चालत असायची."

आणि मग सगळं सांगितलं. मावशीला आपण अजून मेंढरं वळतोय असं वाटायचं. पहाटे उठून काठी घेऊन निघायची. एकदा पार हायवेपर्यंत गेली, ट्रकवाल्यानं परत आणून सोडली. म्हणून वहिनी अंघोळीला गेली किंवा गुरांना पाणी पाजायला गेली तर तेवढ्यापुरती कडी घालायची. बाकीचा सगळा वेळ वहिनी तिच्या बरोबर चालायची. कोंडलं की मावशी आरडायची, चाललं की शांत व्हायची. "ऊन असो, पाऊस असो, म्हातारी पुढं आणि दहा पावलं मागं वहिनी, हातात पाण्याची बाटली. मी माझ्या उंबऱ्यातनं रोज बघायची. सात महिनं." मरताना डोकं वहिनीच्या मांडीवर होतं, तेही सांगितलं. आणि सत्काराचं सांगितलं. 'कडीवाली' सुद्धा.

सांगलीची गाडी आली आणि गेली. दुसरी आली, तीही गेली.

"तू मला सात महिनं फसवलंस," ती शेवटी म्हणाली. "दादाचं सोड. तूसुद्धा?"

"व्हय."

"मला तिथं किती एकटं वाटलं असंल ह्याचा इचार केलास?"

"तुला वाईट वाटू नये म्हणूनच केलं."

"लांबच्या माणसाला बरं वाटावं म्हणून तुमी त्याला काहीच देत न्हाई. मग ते माणूस मनचं रचतं." मग ती थांबली, डोळे पुसले, आणि म्हणाली, "कुठल्या वाटेनं जायची आई? पायात काय असायचं?" तिचा हात पिशवीतल्या पेनाकडं गेलेला मी बघितला.

मी वहीवर हात ठेवला. असं मी आयुष्यात कुणाशी केलेलं नाही. "आधी वहिनीला भेट," मी म्हणाले.

सांगलीत लॉजवर मुक्काम केला. भडंग खाल्लं, दोघींनी दोन पलंगांवर अंग टाकलं. सकाळी मिरजेवरून कवठे महांकाळची गाडी धरली. तेवढ्या वेळात ती माझ्याशी चार शब्दसुद्धा बोलली नाही.

मिरज मागं पडलं की तिच्या पुस्तकात माळ सुरू होतो. कुसळं, बाभळी, उघडे दगड, पाणी म्हणून आभाळाकडं बघणारी माणसं. ती खिडकीला नाक लावून वाट बघत होती आणि माळ काही येईना. द्राक्षाच्या बागा लागल्या, मग उसाचा पट्टा, मग कालवा, त्यात पाणी. बागांच्या कडेला हिरव्या जाळ्या टाकलेली लांबच लांब शेडं, तिथं द्राक्षं वाळवून बेदाणा करतात. मधेच कुठं एखादा माळाचा तुकडा, त्यावरही प्लॉटचे दगड.

"गाडी चुकली का?" तिनं मला विचारलं. आदल्या दिवसानंतरचं तिचं पहिलं बोलणं.

"न्हाई. योजनेचं पानी आलंय."

"फोटोत बघितलं होतं," ती म्हणाली. "पण लिहायला बसलं की पाणी येतच न्हाई. मी अजून दुस्काळच लिहितीय."

मागच्या बाकावरून एका बाईनं तोंड घातलं, "लिवा की. अधनंमधनं त्योबी येतोय."

घरी पोचलो तेव्हा वहिनी शेडात जाळीवरची द्राक्षं परतत होती. आम्हांला बघून खाली उतरली, पदरानं तोंड पुसलं आणि शकूताईला म्हणाली, "या. बसा."

पूर्वी ती नणंदेला 'अगं शकू' म्हणायची.

दादा ओशाळून उभा. वहिनीनं कुणाला तरी दुकानात पिटाळून पाण्याची सीलबंद बाटली आणवली. बशीत बिस्किटं, वर चमचा घातलेले पोहे. शकूताई म्हणाली, "वहिनी, मला माडगं आणि भाकरी द्या की." आमच्याकडं हुलग्याच्या पिठाची पातळ कढी करतात, ती माडगं.

"तिकडच्या मानसाला पचायचं न्हाई," वहिनी म्हणाली.

शकूताईनं बशी खाली ठेवली. "वहिनी, हौसानं काल मला सगळं सांगितलं. मला ठावं न्हवतं."

"ठावं न्हवतं तर लिवलं कशाला?"

"ती गोष्टीतली सून आहे. तुमी न्हाई."

"आसं? त्या सुनंला सासू, मला सासू. तिच्या दाराला कडी, माज्या दाराला कडी. गाव काय आंधळं हाय?"

"मी दुसरं लिहिते. खरं लिहिते. तुमी किती केलंत ते सगळं..."

"नगं!" वहिनी एवढ्या जोरात म्हणाली की दादा दारातून आत बघायला लागला. "माजं वाईटबी लिवू नका आन चांगलंबी लिवू नका. तुमी लांबनं कायबी लिवता, आन हितं ऱ्हायचं मला. मी जित्ती हाय अजून."

"मग मी काय करू, वहिनी?"

"ते तुमी बघा. वाचून दाखवलं तवा मी समोर बसली हुती." एवढं बोलून ती शेडात निघून गेली.

पुढच्या दिवशी उजाडताना वहिनी ओसरीवर आली. आम्ही चूळ भरत होतो. कुणाकडंच न बघता ती म्हणाली, "म्हातारी ज्या वाटेनं चालायची ती बघायची आसंल तर या."

वहिनी पुढं, शकूताई तिच्या मागं, मी सगळ्यांत शेवटी. शकूताईची वही घरी पिशवीतच होती, मी बघितलं होतं. बागांच्या बांधावरून, ओढ्यातून, कडुलिंबापर्यंत. "हितं बसायच्या," वहिनी म्हणाली. पुढं कालवा लागला. काठावर ती थांबली. "हितं आलं की त्यास्नी भ्या वाटायचं. त्यांच्या डोक्यात कालवा न्हवता. मेंढरं कशी उतरवायची पल्याड, म्हणून रडकुंडीला यायच्या. मग मी म्हणायची, आत्ती, नदीला पानी लय आलंय, उद्या उतरू. की फिरायच्या माघारी."

"रोज?" शकूताईनं विचारलं.

"रोज."

शकूताई कालव्याच्या काठावर बूट काढून बसली आणि रडली. वहिनीनं तिला गप केलं नाही आणि सोडून निघूनही गेली नाही. उन्हं वर येईपर्यंत शेजारी उभी राहिली.

घरी आल्यावर शकूताई सरळ शेडात गेली. तिथं गावातल्या पंधरा-वीस बाया सावलीत बसून बेदाणा निवडत होत्या. सत्काराला यातल्या बहुतेक जणी होत्या. वहिनी एका टोकाला पाटी घेऊन बसली होती. शकूताई मधे उभी राहिली. सहा पुस्तकं लिहिलेली बाई, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"बायांनो, जरा ऐका," ती म्हणाली. "माझ्या पुस्तकात जी कडी हाय ती मी फोनवर ऐकून लिहिली. का घातली होती ते मला म्हाईत न्हवतं. माझी आई कोंडून मेली न्हाई. ती सात महिनं चालत हुती आणि माझी वहिनी तिच्या संगं चालत हुती. ती वहिनीच्या मांडीवर गेली. मी चुकले. हे पुस्तकात न्हाई, म्हणून तोंडानं सांगतीय."

बाया बेदाण्याच्या काड्या मोडत राहिल्या. मग गंगव्वा नावाची सगळ्यांत थोरली बाई म्हणाली, "ह्यात काय सांगायचं? आमाला ठावंच हाय की. आमी रोज बघत हुतो."

वहिनीनं पाटी खाली ठेवली. "ठावं हुतं? मग तीन वर्सं मला कडीवाली कडीवाली का म्हणत हुता गं?"

कुणी वर बघेना. शेवटी गंगव्वाच म्हणाली, "पुस्तकात आलंवतं. त्यात मास्तरनं वाचलं. म्हणायला बरं वाटत हुतं, दुसरं काय! चुकलं म्हण."

"मी कशाला म्हणू? चुकलं म्हण की तूच!"

"चुकलं बाई," गंगव्वा म्हणाली. कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग वहिनीलाही हसू आलं, रागात येतं तसलं. "निवडा आता," ती म्हणाली. "गप्पा मारायला आलाय व्हय?"

शकूताई त्यांच्यातच बसली आणि निवडायला लागली. थोड्या वेळानं गंगव्वानं तिच्या पाटीत बोट घातलं. "लेखिका, काड्या ऱ्हायल्यात." दुपारी वहिनीनं न विचारता तिच्यापुढं भाकरी आणि माडगं ठेवलं. चमचा दिला नाही.

आम्ही चार दिवस राहिलो. निघताना वहिनीनं तिची ओटी भरली आणि "ये गं" म्हणाली. सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. येताना गाडीत शकूताई म्हणाली की पुढची कादंबरी आता कशी लिहावी तेच तिला कळत नाही. आधी माणसं गप्प असायची म्हणून लिहिता यायचं, आता वहिनी मधेच बोलते. मी म्हणाले, "मग बोलू दे की." ती हसली, पण कोड्यात पडल्यासारखी. ती परत गेली. दर रविवारी फोन येतो. आता मी तिला वहिनीच्या दुखऱ्या गुडघ्यापासून बागेवर पडलेल्या रोगापर्यंत सगळं सांगते, आणि ती कधी कधी म्हणते, पुरे गं बाई.

मी हे शिरवळला बसून लिहिलं. गाव इथून चार-पाच गाड्या बदलून आहे. लिहून झाल्यावर मला वाटलं, वहिनी 'लिहू नका' म्हणाली होती, आणि मी तर लिहून बसले. छापायला नाही, वहीतच आहे, तरी तिला विचारायला पाहिजे. म्हणून फोन केला आणि जे लिहिलंय ते वाचून दाखवलं. मी आष्ट्याच्या स्टँडवर शकूताईला सांगितलेलं वाचत होते, म्हातारी पुढं आणि वहिनी दहा पावलं मागं, तेव्हा ती म्हणाली, "थांब."

"काय झालं?"

"मी मागं न्हवती. मी म्होरं चालायची."

"मी उंबऱ्यातनं रोज बघत हुते की वहिनी."

"तुज्या दारावरनं जाईस्तवर मागं. वढ्यापल्याड गेलं की त्यास्नी मेंढरं दिसायची न्हाईत, मग घाबरायच्या. मेंढरं गेली, मेंढरं गेली करायच्या. म्हणून मी म्होरं हुयाची. मग त्या काठी घिऊन माज्या मागनं, हुर्रर्र करीत, निवांत."

मी तिला विचारलं, हे शकूताईला सांगू का.

वहिनी म्हणाली, "तू नगं सांगू. ती आली की मी सांगीन."

मी वर लिहिलेलं खोडलेलं नाही. चार घरांवरून मला जेवढं दिसलं, तेवढं ते आहे. त्याच्या खाली हे लिहून ठेवलं.